गळ टाकायचा, पण विचारायचं कोणाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत हिमाचलमधल्या तीर्थन खोऱ्यातल्या ट्राउट माशावर सचित्र लेख वाचला. छायाचित्रं देखणी होती. मात्र फ्लाय फिशिंग करायचं तर हिमालयच गाठायला हवा, असा लेखाचा एकूण सूर होता. पुण्या-मुंबईत हा समज पक्का आहे, म्हणून हे पत्र.

ट्राउट आपल्याकडे जगणार नाही, हे खरंच. पाण्याचं तापमान वीस अंशांच्या वर गेलं की तिचं बिनसतं. पण ती काश्मीरचीही मूळची नव्हे. 1900 च्या सुमारास स्कॉटलंडहून अंडी आणून साहेबांनी ती तिथे वाढवली. शिवाय फ्लाय फिशिंगवर एकट्या ट्राउटची मक्तेदारी नाही. या प्रकारात गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. कोंबड्याच्या मानेची पिसं दोऱ्याने गरीवर, म्हणजे गळाच्या आकड्यावर, गुंडाळून केलेला खोटा किडा एवढंच आमिष. त्याला वजन नसतं, म्हणून वजन दोरीत असतं आणि फेकायची ती दोरीच. पाण्यात किडे टिपून खाणारा कोणताही मासा याला फसतो. आमच्याकडे अळकुट येते, चिलापी (तिलापिया) येते, मरळ तर पाण्याबाहेर उसळून येते, आणि नशीब जोरावर असेल तर खडस, म्हणजे आपला महाशीर.

चिलापीचं नाव काढलं की जुनेजाणते गळवाले नाक मुरडतात. आफ्रिकेतला हा मासा आपल्या देशात 1952 मध्ये आणला गेला आणि त्याने देशी माशांची जागा बळकावली, हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. पण आता तो उजनीपासून गावतळ्यापर्यंत सगळीकडे आहे आणि भिगवणच्या खानावळी त्याच्यावर चालतात. नवशिक्याने हात बसवायला याहून चांगला मासा नाही. बारीक गरी, मण्याचं डोकं असलेला किडा, काठालगतचं कमरेएवढं पाणी, बस्स. आणि पकडलेली चिलापी परत सोडू नका, खुशाल तळून खा.

आता जागा. मला ठाऊक असलेल्या जागांची नावं मी इथे छापायला देणार नाही. एखाद्या डोहाचं नाव पेपरात आलं की पुढच्या रविवारी तिथे गाड्या, स्पीकर आणि बाटल्या पोचतात, हे पवनेच्या काठाने चांगलंच पाहिलं आहे. मात्र जागा शोधायची कशी, हे सांगायला हरकत नाही.

पुण्याभोवती पन्नासेक किलोमीटरच्या आत एवढं पाणी आहे की हयात पुरणार नाही. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी, भामा, नीरा आणि त्यांच्यावरची धरणं. उपग्रह नकाशा उघडा आणि शहराच्या वरच्या अंगाचं पाणी बघा. शहराच्या खाली गळ टाकायला जाऊ नका, तिथे नाकाला रुमाल लागतो. पाणी पसरट वाहत येतं आणि दगडांवरून खळाळून डोहात उतरतं ती जागा पहिली. खळाळात प्राणवायू जास्त असतो, वरून किडे वाहत येतात, आणि मासे त्या खळाळाच्या तोंडाशी डोहात वाट पाहत थांबतात. दुसरी जागा, बॅकवॉटरला जिथे ओढा येऊन मिळतो तो कोपरा. तिसरी, कोल्हापुरी बंधाऱ्याच्या खालची बाजू. फ्लायला मागे दहा-बारा मीटर मोकळी जागा लागते, नाहीतर दोरी बाभळीत अडकते. त्यामुळे पाणी ओसरल्यावर धरणाच्या पोटात मोकळा होणारा गाळपेराचा, म्हणजे गाळावर पीक घेतात तो पट्टा फार सोयीचा. पिकात मात्र पाय टाकू नका. आणि बंधाऱ्यांवर शेतीपंपांच्या तारा डोक्यावरून गेलेल्या असतात, तेवढ्या आधी पाहा. आपली काठी कार्बनची असते आणि त्यातून वीज वाहते.

नकाशा इथवरच नेतो. पुढचं ज्ञान भोई आणि कातकरी मंडळींकडे. सकाळी जाळं काढायला आलेल्या माणसाशी दोन शब्द बोला, चहा पाजा. डोहात खडक कुठे आहे, मरळ कुठल्या लव्हाळ्यात बसते, धरणातून पाणी कधी सुटतं, हे सगळं त्याला ठाऊक असतं. शेवटचा प्रश्न जिवाचा आहे. पाणी सोडल्यावर पात्राच्या मधल्या खडकावर अडकलेली माणसं आपण दरवर्षी बातम्यांत वाचतोच. सांगलीकडच्या वाचकांनी कृष्णेतल्या मगरींचीही चौकशी करावी.

हंगाम म्हणाल तर पाणी निवळल्यावर, साधारण ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत. पहिल्या पावसात मात्र गळ घरीच ठेवावा. तेव्हा मासे अंडी घालायला ओढ्यांतून, भाताच्या खाचरांतून वर चढतात. चढणीचे मासे मारणं हा गावोगावचा सण आहे आणि त्या सणाला मोडता घातलेला कोणाला आवडत नाही, पण पोटात अंडी असलेली मादी मारली की पुढचं वर्ष आताच खाऊन टाकलं. समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते आणि ती पाळलीही जाते. नदीवर तेवढी शिस्त मला कधी दिसली नाही. तसंच पाण्यावर लालसर पिल्लांचा झुबका तरंगताना दिसला तर तिथे गरी टाकू नका. खाली मरळीची जोडी राखण करत असते आणि रागाने कशावरही झडप घालते. असा मासा पकडण्यात कसलंही कसब नाही.

काही पाणी तर आपलं नव्हेच. महाडजवळ काळ नदीवर वरदायिनीचा वाळणकोंड आहे, वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसेश्वर आहे. तिथले महाशीर देवाचे, त्यांना चुरमुरे टाकायचे आणि पाहत बसायचं. गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले म्हणूनच तेवढे मोठे मासे आज बघायला मिळतात. याच खडस माशाचं शास्त्रीय वर्णन इंग्रज अधिकारी कर्नल साइक्सने 1839 मध्ये केलं, ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. आज त्या पट्ट्यात जलपर्णी आणि फेस. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2022 च्या अहवालात देशातले 311 प्रदूषित नदीपट्टे नोंदले आहेत, त्यांतले 55 महाराष्ट्रात, म्हणजे सर्वाधिक आपल्याकडे. लोणावळ्याला वळवणच्या टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून महाशीरची पैदास होते, ते काम मोठंच. पण तिथली पिल्लं कावेरीत सोडली गेली आणि तिथला मूळचा मोठा महाशीर मागे पडून आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. तेव्हा हौसेने कुठला मासा कुठल्या पाण्यात नेऊन सोडण्याचं पुण्य कोणी करू नये.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. हिमाचलमध्ये मत्स्य विभाग गळासाठी दिवसाचा परवाना देतो, ट्राउटला नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते. काश्मीरमध्ये नदीचे पट्टे आखलेले असतात आणि त्या पट्ट्याचा पास मिळतो. आपल्याकडे? धरणाची भिंत आणि पाणी जलसंपदा विभागाचं, मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेला मत्स्यव्यवसाय विभागाने दिलेला, वरचा काठ कधी वनखात्याचा तर कधी शेतकऱ्याचा. नियमाने वागू पाहणाऱ्या माणसाने विचारायचं कोणाला? मी एका कार्यालयात विचारलं, त्यांनी दुसऱ्याकडे पाठवलं. तिथल्या साहेबांनी 'टाका हो, कोण बघतंय' असं सांगितलं! त्याच तलावावर पुढे संस्थेच्या माणसाने हटकलं. त्याचं बरोबरच होतं. संस्था पैसे भरून मत्स्यबीज सोडते आणि आम्ही हौशी लोक फुकट गळ टाकून बसतो, हे त्याने का सोसावं?

म्हणून मत्स्यव्यवसाय विभागाला एवढंच सुचवतो. प्रत्येक ठेक्याच्या तलावावर एक फलक लावा. ठेका कोणत्या संस्थेकडे, गळाला परवानगी आहे की नाही, पास कुठे मिळेल, कोणते महिने बंद. पास संस्थेनेच द्यावा आणि पैसेही तिनेच घ्यावेत. दिवसाला शंभर-दोनशे रुपये देणारे लोक आहेत. मग बारीक आसाचं (छिद्रांचं) जाळं लावणाऱ्यावर किंवा सुरुंग उडवणाऱ्यावर नजर ठेवायला तेवढीच चार माणसं काठावर असतील. हा प्रयोग पुणे जिल्ह्यातल्या दोन-तीन तलावांवर करून बघायला तर काही नवा कायदा लागत नसावा.

आणि एक विनंती. पत्र छापलंत तर माझं नाव आणि पत्ता छापू नका. जागा विचारायला लोक घरी येतात.

आपला,
एक वाचक, पुणे