व्हीलॅनवाल्या काकांना, जाहीर आभार

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

आमच्या ऑफिसच्या नेटवर्कचे वेगवेगळे गट पाडून, म्हणजेच व्हीलॅन करून, तुम्ही रोजची कटकट संपवलीत, आणि त्याबद्दल दिलेलं पैशांचं पाकीट परत केलंत. सरांनी पुन्हा पुढे केलं तर "पेन्शन वेळेवर येते माझी" म्हणून जिना उतरून गेलात. पैसे घेत नाही म्हणता, तर निदान चार लोकांना कळेल असे आभार तरी मानावेत, म्हणून हे पत्र घरी न पाठवता उघडं लिहितेय. आमच्यासारखी सीएंची ऑफिसं कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत, त्यातल्या कुणाला उपयोग झाला तर तेही बरंच.

तुम्ही आलात तेव्हा जुलै चालू होता. ३१ तारखेची रिटर्नची मुदत तोंडावर, आणि दुपारी बारा वाजले की कुठल्यातरी टेबलावरून हाक ठरलेली: "नेट गेलं!" नेट गेलेलं नसायचं. नेट चालायला प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता (आयपी) लागतो. आमचा राउटर असे शंभर पत्ते वाटायचा, एकदा दिलेला पत्ता चोवीस तास अडकून पडायचा, आणि बाहेर सोफ्यावर बसलेल्या प्रत्येक क्लायंटच्या मोबाईललाही त्यातलाच एक जायचा. वाय-फायचा पासवर्ड रिसेप्शनच्या काचेवर चिकटवलेला, मग काय! त्यात कॅमेरे, अंगठ्याचं हजेरी मशीन, टेबलावरचे आयपी फोन, सगळे १९२.१६८.१ या एकाच पत्त्यांच्या मालिकेत. दुपारी पत्ते संपले की क्लायंटकडून परतलेल्या आर्टिकलचा (सीएच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलाचा) लॅपटॉप कोरडाच. शिवाय सोफ्यावर बसलेल्या माणसाला मोबाईलवर आमचे शेअर्ड फोल्डर दिसत होते, हे तुम्ही स्वतःच्या फोनवर दाखवलंत तेव्हा सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

ज्यांनी हे सगळं बसवून दिलं होतं त्यांचं म्हणणं, राउटर मोठा घ्या. कोटेशनही आलं होतं. तुम्ही रॅकचं दार उघडलंत, चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, "अहो, हा मॅनेज्ड स्विच आहे, चोवीस पोर्टांचा! तुम्ही याचा एक्स्टेन्शन बोर्ड केलाय." स्विच म्हणजे ऑफिसच्या सगळ्या वायरी जिथे जमतात तो डबा, आणि मॅनेज्ड म्हणजे कुठल्या पोर्टने काय करायचं हे ज्याला सांगता येतं तो.

मग लॅपटॉप न काढता तुम्ही कागद मागितलात. ट्रायल बॅलन्सचा एक पाठकोरा कागद दिला. त्यावर कोणाला कोणाशी बोलायची गरज आहे एवढंच लिहायचं होतं. कॅमेऱ्याला रेकॉर्डरशी, बाकी कोणाशी नाही. इंटरनेटशीही नाही. पाहुण्यांच्या मोबाईलला फक्त इंटरनेटशी. स्टाफला टॅलीच्या सर्व्हरशी, प्रिंटरशी आणि इंटरनेटशी. हजेरी मशीनला एकाच कॉम्प्युटरशी. हा कागद भरायला स्विचवरच्या कामापेक्षा जास्त वेळ गेला, आणि काका, मला विचाराल तर खरं काम तेच होतं. कमांड कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडतात. हजेरी मशीन कोणाशी बोलतं हे कुठल्या मॅन्युअलमध्ये असणार?

व्हीलॅन म्हणजे काय हे तुम्ही चालू मशीनवर दाखवलंत. एका कॉम्प्युटरला दुसऱ्याशी बोलायचं तर आधी तो सगळ्यांना विचारतो, "अमुक पत्ता कोणाचा?" स्विच हा प्रश्न प्रत्येक पोर्टवर पोहोचवतो. पाहुण्याचा मोबाईल विचारतो, तेव्हा कॅमेऱ्यालाही ऐकावं लागतं. व्हीलॅन पाडले की प्रश्न आपल्या गटापुरता राहतो. एकाच डब्याचे आतून चार स्विच होतात, नवी वायर न ओढता.

नंबर तुम्ही असे दिलेत की विसरायची सोय नाही: स्टाफ १०, सर्व्हर २०, कॅमेरे आणि हजेरी ३०, पाहुणे ४०, आणि खुद्द स्विचची व्यवस्था ९९. पत्तेही तसेच, १९२.१६८.१० पासून पुढे. आता कुठलाही पत्ता पाहिला की तो कोणाकडचा हे तिसऱ्या आकड्यावरून कळतं.

वरच्या मजल्यावरच्या स्विचला एकच वायर जाते, मग चार गट त्यातून कसे जाणार, असं मी विचारलं. त्यावर तुम्ही खुललात. वायरीतून माहिती तुकड्यातुकड्यांनी जाते, त्या प्रत्येक तुकड्याच्या, म्हणजे फ्रेमच्या, आत चार बाइटचा टॅग बसतो, त्यातले १२ बिट व्हीलॅनच्या नंबरासाठी, म्हणून ४०९४ पर्यंत नंबर वापरता येतात. ८०२.१क्यू हे ते स्टँडर्ड, १९९८ चं. दोन स्विचमधला पोर्ट ट्रंक, तिथे टॅगसकट जायचं. टेबलाकडे जाणारा पोर्ट ॲक्सेस, तिथे टॅग काढून द्यायचा, कॉम्प्युटरला काही कळायची गरज नाही. आणि ही कल्पना मुळात टेलिफोनवाल्यांच्या घरातली, बेलकोअर या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपन्यांच्या संशोधन संस्थेत डेव्हिड सिंकोस्की यांनी मांडलेली, हे सांगताना दूरसंचार खात्यातली तुमची सगळी नोकरी चेहऱ्यावर आली होती.

शनिवारी संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर काम काढलंत. स्विचला थेट जोडून कमांड द्यायची ती फिकट निळी, चपटी कन्सोल वायर, तिला यूएसबीचा जोड, आणि कीबोर्ड माझ्यापुढे. "तू टाईप कर. सोमवारी मी इथे नसणार." सुरुवातीलाच तुम्ही 'रीलोड इन १५' द्यायला लावलंत. म्हणजे काही बिघडलं आणि आपणच बाहेर अडकलो, तर पंधरा मिनिटांनी स्विच आपोआप बंद होऊन जुन्या सेटिंगवर उठेल, कारण नवं अजून सेव्ह केलेलं नाही. सगळं ठीक चाललं की ते रद्द करायचं आणि मग सेव्ह. ही एक गोष्ट मी ओळखीच्या तीन ऑफिसांत सांगून आलेय. दुसरी, ट्रंकवर नवा व्हीलॅन चढवताना 'ॲड' हा शब्द. तो गाळला तर आधीची सगळी यादी पुसून एकटा नवा उरतो, आणि वरचा मजला गप्प! तुम्ही तो शब्द कागदावर लाल पेनाने लिहून ठेवलात.

राउटर जुनाच राहिला. त्याला व्हीलॅन कळत होते, कोणी विचारलंच नव्हतं. त्याच्याकडे जाणारी वायर ट्रंक केलीत, प्रत्येक गटाला वेगळे पत्ते, पाहुण्यांचा पत्ता दोन तासांत मोकळा. पण व्हीलॅन पाडून तुम्ही थांबला नाहीत, हे मुद्दाम लिहिते. राउटरने चारही गट पुन्हा एकमेकांना जोडून दिले तर वेगळं करून काय मिळवलं? म्हणून त्या पाठकोऱ्या कागदावरची एकेक ओळ राउटरवर नियम म्हणून बसवलीत: हे चालेल, हे चालेल, बाकी सगळं बंद. ज्या ऑफिसांत 'आमच्याकडे व्हीलॅन आहेत' म्हणून निवांत असतात, त्यांनी एकदा पाहुण्यांच्या वाय-फायवरून सर्व्हर उघडतो का ते बघावं.

सोमवारी कुरकुर झालीच. सरांच्या मोबाईलवरून प्रिंटर दिसेना. रिसेप्शनच्या वाय-फायवर राहायची त्यांची जुनी सवय, आणि मोबाईल प्रिंटर शोधतो तो आपल्याच गटात, व्हीलॅनच्या पलीकडे ती हाक जात नाही. दुसरा कोणी असता तर सरांसाठी एक भोक पाडून दिलं असतं. तुम्ही फोनवरून सांगितलंत, ॲक्सेस पॉइंटवर, म्हणजे वाय-फायच्या डब्यावर, दुसरं वाय-फाय नाव तयार कर, व्हीलॅन १० ला जोड, पासवर्ड फक्त स्टाफला. नियम होता तिथेच राहिला आणि सरांचं प्रिंटही निघालं.

इंटरनेट यामुळे वेगात पळेल, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. पळत नाहीच. पण "नेट गेलं" ही हाक सप्टेंबरच्या टॅक्स ऑडिटच्या गर्दीतही आली नाही.

आधीच्या माणसांनी स्विचचा पासवर्ड आम्हाला कधी दिलाच नव्हता. मागितला की "आम्ही येऊन करतो". तुम्ही पासवर्ड बंद पाकिटात सरांच्या तिजोरीत ठेवलात, पोर्टांचा तक्ता रॅकच्या दाराला आतून चिकटवलात आणि रिकामे पोर्ट बंद करून तशी नोंदही तक्त्यात केलीत. तुमच्यावाचून आमचं चालावं, एवढी काळजी फुकट काम करणारा माणूस कशाला घेतो, हे मला अजून उमगलेलं नाही.

गेल्या आठवड्यात वरच्या मजल्यावर नवा ॲक्सेस पॉइंट आला. पोर्ट १९ ट्रंक केला, 'ॲड' लिहूनच, आणि तक्त्यात नोंद केली. एकदा येऊन बघून जा. सर पाकीट काढणार नाहीत, तसं कबूल करून घेतलंय. काकूंनाही आणा, मिसळ आमच्याकडून.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
ऑफिस सांभाळणारी