संघाच्या डॉक्टरला अधिकार लेखी हवेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२३ जानेवारी २०२२ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर चिनी तैपेईविरुद्धचा सामना होता आणि भारताच्या महिला फुटबॉल संघाकडे नियमाने लागणाऱ्या किमान १३ खेळाडूही उरल्या नव्हत्या. करोनाने संघ पोखरला होता. यजमान असूनही आपण आशियाई चषकाबाहेर गेलो आणि विश्वचषकाची वाटही तिथेच बंद झाली. नंतर चर्चा झाली ती हॉटेलची, आयोजकांची, महासंघाची. संघाच्या डॉक्टरला नेमके कोणते अधिकार होते, हे फारसे कोणी विचारले नाही.

साथीत डॉक्टरचे काम औषधांपुरते राहत नाही. कोणाला वेगळे ठेवायचे, सराव थांबवायचा का, पालिकेच्या आरोग्य विभागाला कधी कळवायचे, हे त्याने ठरवायचे असते. तेही अहवाल रात्री उशिरा आलेला आणि सामना सकाळी, अशा वेळी. अधिकार कागदावर नसेल तर डॉक्टर फक्त सल्ला देतो, निर्णय मॅनेजर किंवा संघमालक घेतो.

फैलाव कुठून होतो, याकडेही दुर्लक्ष होते. सप्टेंबर २०२१ची मँचेस्टर कसोटी रद्द झाली ती भारतीय संघाच्या फिजिओला लागण झाल्यावर. एप्रिल २०२२ मध्ये दिल्ली कॅपिटल्समध्येही आधी फिजिओच पॉझिटिव्ह आला. पुढे पंजाबविरुद्धचा सामना पुण्याहून मुंबईला हलवावा लागला. यात त्या व्यक्तींचा दोष नाही. बंद एसी खोलीत, एकेका खेळाडूवर वीस-पंचवीस मिनिटे वाकून, दिवसभरात जवळजवळ अख्ख्या संघाला हात लावणारा माणूस तोच असतो. म्हणून संघाचे दोन गट करून प्रत्येकाला वेगळा फिजिओ द्यावा, खिडक्या उघड्या, तोंडावर एन-९५, आणि टेबलाशेजारी नाव व वेळ लिहायची साधी वही. ही वही असली की संपर्कातले चौघे अर्ध्या तासात सापडतात. नसली की सगळेच खोलीत.

संपर्काच्या दुसऱ्याच दिवशी चाचणी निगेटिव्ह आली म्हणून खेळाडूला मैदानात सोडणे, ही नेहमीची चूक. विषाणू चाचणीत सापडण्याइतका वाढायला दोन-चार दिवस लागतात. तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी पुन्हा तपासायलाच हवे.

खरी ओढाताण होते ती पुनरागमनाच्या वेळी. ताप उतरला की प्रशिक्षकाला खेळाडू हवा असतो, आणि खेळाडूलाही खेळायचेच असते. पण विषाणूने हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल तर जोराचा सराव जिवावर बेतू शकतो. करोनाच्या पहिल्या वर्षी ठरलेला क्रम असा: दहा दिवस विश्रांती, त्यातले शेवटचे सात लक्षणांविना, मग कमाल हृदयगतीच्या ७० टक्क्यांच्या आत १५ मिनिटे, पुढे ८० टक्क्यांच्या आत ३०, ४५, ६० मिनिटे, मगच नेहमीचा सराव. वीस वर्षांच्या खेळाडूसाठी ७० टक्के म्हणजे मिनिटाला साधारण १४० ठोके. छातीत दुखले, धडधडले किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली की तिथेच थांबून ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का, हे दाखवणारी रक्ततपासणी) आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी). पुढे विश्रांतीचे दिवस कमी झाले, तरी पायऱ्या गाळायच्या नाहीत.

साथ म्हणजे करोनाच असेही नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करून स्नायू दुबळे करणारा आजार) रुग्ण वाढले तेव्हा संशय पाण्यावर होता. अशा वेळी निवासी शिबिराच्या डॉक्टरने ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन किती उरले ते दाखवणारी तपासणी) टाकीवर करून समाधान मानू नये. मुले बाटल्या भरतात त्या शेवटच्या नळावर करावी. क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी भरले तर तो नळ बंद. मात्र नळ आणि स्वयंपाकघर मॅनेजरच्या ताब्यात असतात, आणि डॉक्टरला त्याच्याकडे विनंती करत बसावे लागते!

राज्य संघटनांनी प्रत्येक स्पर्धेपूर्वी डॉक्टरच्या हाती एक पानाचे पत्र द्यावे: सराव थांबवण्याचा, खेळाडूला वगळण्याचा आणि आरोग्य विभागाला थेट कळवण्याचा अधिकार त्याचा, तो प्रशिक्षकाला नव्हे, संघटनेच्या वैद्यकीय समितीला उत्तरदायी, प्रशिक्षकाला फक्त 'उपलब्ध' किंवा 'अनुपलब्ध' एवढेच कळेल, निदान नाही. आणि डॉक्टर स्वतःच आजारी पडला तर हे अधिकार कोणाकडे जातील, त्याचे नाव व फोन नंबरही त्याच पानावर असावा.

– क्रीडावैद्यक क्षेत्रातील काही डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट, पुणे