किर्लोस्कर आठवायचे तर नांगरासकट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उद्योगपतींच्या जयंतीला आपल्याकडे हारतुरे भरपूर होतात; त्यांनी काय बनवले आणि कसे, हे मात्र कोणी सांगत नाही. १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईतील व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील नोकरी सोडली, बेळगावात सायकलींचा धंदा केला, कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर घडवला आणि तेथील जागा सोडावी लागल्यावर १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडलजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी सुरुवातीला त्यांच्या नांगराला गिऱ्हाईकच मिळेना, हा भाग मला पुढच्या यशापेक्षा मोलाचा वाटतो.

आमच्या कोल्हापुरातही ओल्या वाळूच्या साच्यात लोखंडाचा रस ओतणाऱ्या मिस्त्रींनीच फौंड्री उद्योग उभा केला. माझ्या वडिलांचा पट्ट्यावर चालणारा लेथ, म्हणजे लोखंड कातण्याचे यंत्र, आम्ही गेल्या वर्षी भंगारात घातला (वजनाच्या भावाने!), त्याची खंत जात नाही. तेव्हा शिवाजी उद्यमनगरात अशी यंत्रे, वाळूत साचा उठवण्याचे लाकडी पॅटर्न आणि जुने नांगर जपणारे एखादे दालन महापालिका व उद्योजक संघटनांनी मिळून उघडावे, आणि ते चालू लेथसह उघडावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर