घरच्या शाळेचं पहिलं वर्ष

महोदय,

गेल्या जूनमध्ये सोसायटीतली मुलं रिक्षात कोंबली जात होती, तेव्हा आमची दोघं (वय 7 आणि 5) ओट्याशी बसून पीठ मोजत होती. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं आम्ही ठरवलं होतं. आम्ही ख्रिस्ती कुटुंब. त्यामुळे ‘धर्मासाठीच ना?’ हे लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. सकाळी प्रार्थना आणि एक गीत होतं, हे खरंच. पण तेवढंच नाही.

पहिले तीन महिने मी घरात शाळाच थाटली होती, फळा, तास, घंटेसकट. लेक रडायची, मी ओरडायचे. दिवाळीनंतर घंटा माळ्यावर गेली. मग मंडईत पावशेर मिरच्यांचा हिशेब तिने भाजीवाल्या मावशींसमोर बोटांवर केला, चुकला, पुन्हा केला. केडगावला पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये दोघांना नेलं. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून मराठीत केलेलं बायबल तिथल्याच बायकांनी खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवून छापलं, हे ऐकल्यावर धाकटा आठवडाभर बटाट्याचे ठसे करत होता. भिंत अजून निळी आहे.

अडचण कागदांची. एका बालवाचनालयाने शाळेचा दाखला नाही म्हणून सभासद करून घेतलं नाही. शाळेत न जाणाऱ्यांसाठीच्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून (एनआयओएस) 14 व्या वर्षी दहावीला बसता येतं, पण 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात घरी शिकवण्याचा उल्लेखच नाही. शासनाने एक साधा नोंदणी अर्ज तरी काढावा. आम्ही रांगेत उभे राहू.

– एक आई, वानवडी, पुणे