सैनिकांच्या पाल्यांना अधिवासाचा अडसर नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बावीस वर्षे लष्करात काढून मी धाराशिव जिल्ह्यातील माझ्या गावी परतलो, तेव्हा मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी माझे अधिवास प्रमाणपत्र काढताना एका कार्यालयात १५ वर्षे राज्यात राहिल्याचा पुरावा मागण्यात आला. बदलीचा हुकूम आला की बिऱ्हाड उचलावे लागे, त्यामुळे मुलीची शाळा पठाणकोट, जोधपूर आणि जबलपूर येथे झाली. सातबारा मात्र आजोबांपासून याच गावचा आहे.

नियमांत अशा कुटुंबांचा विचार झालेला आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशात संरक्षण दलातील आजी-माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी ५ टक्के जागा असून, दहावी-बारावी राज्याबाहेर झाली तरी आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असल्यास अर्ज करता येतो. अडते ते दाखल्यापाशी. म्हणूनच डिस्चार्ज बुकातील मूळ पत्ता आणि गावची जमीन-नोंद ग्राह्य धरावी, असे स्पष्ट लेखी आदेश शासनाने प्रत्येक तहसीलला द्यावेत.

पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत अधिकारी पदाखालील माजी सैनिकांच्या मुलींना दरमहा ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये मिळतात. बारावीला किमान ६० टक्के गुण हवेत आणि अर्ज पहिल्याच वर्षी करावा लागतो. दुष्काळी पट्ट्यातल्या घराला ही रक्कम लहान नाही, तरी मराठवाड्यातील कित्येक जवानांना ती मुदत उलटल्यावर कळते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी निकालाच्या सुमारास तालुक्याच्या ठिकाणी मार्गदर्शन शिबिरे घ्यावीत, ही विनंती.

एक माजी सैनिक,
जि. धाराशिव