बायकांना व्यायामाला वेळ काढा म्हणता, पण तो वेळ द्यायचा कुणी?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत तब्येतीवरचे लेख नेमाने येतात, मी ते वाचते, आमच्या लोकल गाडीतल्या ग्रुपवर पण ते फिरतात, आणि जवळपास प्रत्येक लेखात एक वाक्य ठरलेलं असतं की महिलांनी घर सांभाळून रोज अर्धा तास स्वतःसाठी काढावा. सल्ला चांगलाच आहे हो, त्याबद्दल वाद नाही. पण तो दरवेळी फक्त बाईलाच का सांगता? घरातल्या बाकीच्यांना कुणी काही सांगतच नाही, त्याच्याबद्दल मला लिहायचंय.

डोंबिवलीसारख्या ठिकाणी नोकरी करणाऱ्या बाईची सकाळ बघा. पहाटे पाणी भरायचं, कुकर लावायचा, कणीक मळायची, दोन-तीन डबे, शाळेचा वेगळा आणि ऑफिसचा वेगळा, सासूबाईंच्या गोळ्या, मग रिक्षाची लाईन आणि ती गाडी जिच्यात चढायलाच अर्धी ताकद जाते. संध्याकाळी घरात पाय ठेवला की पर्स टांगायच्या आधी कुकर. रात्री ओटा आवरून झोपायला साडेअकरा. आता ह्यातला अर्धा तास नक्की कुठून काढायचा ते लेखात कुठेच नसतं, त्यामुळे बायका तो झोपेतून काढतात, पहाटे पाचच्या ऐवजी साडेचारला उठतात, आठ-पंधरा दिवस जमतं, मग अंग दुखायला लागतं आणि सगळं बंद पडतं, वर आपल्याच्याने होत नाही ही रुखरुख राहते ती वेगळीच.

सरकारचाच २०१९ चा वेळ-वापर सर्व्हे आहे, त्यात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात असं निघालं, पुरुषांची ९७. आणि हे ९७ सुद्धा जे पुरुष घरकाम करतात त्यांचेच, कारण असे पुरुष शंभरातले जेमतेम २६ होते. पुन्हा २०२४ मध्ये तोच सर्व्हे झाला तर बायकांची २८९ मिनिटं आणि पुरुषांची ८८. म्हणजे बायकांची १० मिनिटं कमी झाली पण ती पुरुषांनी उचलली नाहीत, त्यांची पण ९ कमीच झाली. आता ह्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. लॅन्सेट ग्लोबल हेल्थ ह्या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार भारतातल्या सुमारे ५७ टक्के बायका पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत, पुरुष ४२ टक्के. पाच तास घरात राबणारी बाई आणि वर पुरेशी हालचाल नाही असा शिक्का, हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि ह्याचं मला फार वाईट वाटतं.

दिवसभर कामच तर करते, वेगळा व्यायाम कशाला, हे तर घराघरात ऐकू येतं, बायका स्वतः पण म्हणतात. घरकाम हालचालीत धरतातच, जागतिक आरोग्य संघटना पण धरते, पण कुठलं काम आणि किती जोराने ते महत्त्वाचं. ओट्याशी तासभर उभं राहून पोळ्या लाटल्या तर कंबर आणि टाचा भरून येतात, दम काही लागत नाही. संघटनेचं म्हणणं असं की मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं अशी हालचाल पाहिजे ज्यात श्वास जोरात चालेल, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत, आणि शिवाय आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताकद लागेल असा व्यायाम. हा दुसरा भाग बायकांपर्यंत पोचतच नाही. पाळी जायच्या वयात हाडं झपाट्याने ठिसूळ व्हायला लागतात, तेव्हा चालण्याबरोबर वजन पेलण्याचा व्यायाम पण लागतो, त्याला जिमच पाहिजे असं नाही, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, खुर्चीवरून हात न टेकता उठणं बसणं, भिंतीला जोर काढणं, सूर्यनमस्कार, सगळं चालतं. (औंधच्या पंतप्रतिनिधींनी शंभर वर्षांपूर्वी संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले, एका सतरंजीएवढी जागा पुरते, आणि आपण मात्र ते रथसप्तमीपुरते ठेवलेत.) अजून एक, पूर्वी सलग १० मिनिटं तरी व्यायाम झाला पाहिजे तरच तो धरायचा असं होतं, २०२० मध्ये संघटनेने ती अट काढून टाकली, आता थोडं थोडं केलेलं पण मोजतात. स्टेशनचा जिना झपाझप चढलात तर तो पण धरा. हे बायकांना कळलं तर किती धीर येईल!

पण व्यायामाच्याही आधीची एक गोष्ट आहे आणि ती मला सगळ्यात जास्त लागते. रात्री साडेनऊनंतर कुठल्याही घरात बघा, सगळ्यांना गरम वाढून झाल्यावर बाई बसते, कढईच्या कडेला लागलेली भाजी पोळीच्या तुकड्याने पुसून घेते, पोराने ताटात टाकलेला वरणभात संपवते, दुपारची राहिलेली पोळी आधी खाते आणि ताजी उद्याच्या डब्याला ठेवते, कोशिंबीर तर तोवर संपलेलीच असते. असं वर्षानुवर्षं चालतं. मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला ह्यात नवल काय, त्याच्या आधीच्या सर्वेक्षणात ४८ टक्के होता म्हणजे वाढलाच. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं की रक्त कमी धरतात. नऊवर असलेल्या बाईला तुम्ही झुंबा करायला सांगितलंत तर तिला चक्करच येणार, आणि घरचे म्हणणार हिला व्यायाम झेपत नाही. तिला आधी रक्त तपासून घ्यायला सांगा, डॉक्टर देतील त्या लोहाच्या गोळ्या पूर्ण घ्यायला सांगा, जेवणावर लिंबू पिळायला सांगा आणि जेवणाला लागून चहा नको म्हणून सांगा कारण चहाने लोह नीट लागत नाही. आणि घरच्यांना सांगा की सगळ्यांनी एकत्र बसा. ताटं एकदम घेतली की तिच्या वाट्याला पण ताजं येतं, ह्याला पैसा लागत नाही. २०२२ च्या नवरात्रात माता सुरक्षित तर घर सुरक्षित मोहिमेत १८ वर्षांवरच्या महिलांची तपासणी झाली, फार चांगलं काम होतं, तशी तपासणी दर नवरात्रात ठेवावी आणि ज्यांचं रक्त कमी निघेल त्यांना तीन महिन्यांनी परत बोलवावं असं मला मनापासून वाटतं.

आता जागेचं. आमच्या भागातली बाग सकाळी उघडते, दुपारी बंद, संध्याकाळी परत उघडते आणि रात्री आठच्या सुमाराला वॉचमन शिट्टी मारतो. म्हणजे ज्या वेळेला कामावरची बाई घरी पोचते त्याच वेळेला बागेला कुलूप, आणि गृहिणीला दुपारी पोरं शाळेत असताना तासभर मोकळा मिळतो तेव्हाही कुलूप. रस्त्यावर चालायचं तर फुटपाथवर गाड्या, दिवे अर्धे बंद, एकटीला भीती वाटते ती वेगळी. म्हणून आम्ही काही जणींनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये गच्ची मागितली, सकाळी सहा ते सात. गच्चीची किल्ली म्हणजे फार मोठं प्रकरण असतं हे तेव्हा कळलं, वरच्या मजल्यावर आवाज होईल, टाकीजवळ कुणी जाईल, उद्या पोरं पण मागतील, असं सगळं निघालं. शेवटी एका आजोबांनी सांगितलं की गच्ची पापड वाळवायला चालते तर बायकांना चालायला का नाही, आणि किल्ली मिळाली. आता त्यात सत्तरीच्या काकू पण येतात, गुडघ्याच्या दुखण्यामुळे त्या खुर्ची घेऊन बसून व्यायाम करतात.

पण किल्ली मिळून पण सगळ्या येऊ शकल्या नाहीत हो. ज्यांच्या घरी सहा ते सातमध्ये दुसरं कुणी ओट्याशी उभं राहिलं त्याच येतात. आमच्याकडे कणीक आणि डबे ह्यांनी घेतले, सुरुवातीला पोळ्या जाड व्हायच्या, सासूबाईंना ते बघवेना, मग त्या स्वतःच भाजी चिरून द्यायला लागल्या, मुलगा आपली बाटली आणि युनिफॉर्म रात्रीच काढून ठेवतो. मला अर्धा तास मिळाला तो असा, तिघांनी दिला म्हणून. आणि ह्यांची शुगर बॉर्डरवर आली होती, तर रात्री जेवल्यावर आता दोघं पंधरा-वीस मिनिटं शतपावली घालतो, आपल्या आज्या सांगायच्या तेच, जेवणानंतर चाललं की साखर कमी चढते हे डॉक्टर पण सांगतात. पुरुषांच्या तब्येतीचा प्रश्न पण छोटा नाही, देशात १० कोटींच्या वर डायबेटिसचे पेशंट आहेत, पण घरकामाला हात लावल्याने त्यांचं नुकसान तर काहीच होणार नाही.

तर माझी विनंती अशी. महापालिकेने बागा दुपारी उघड्या ठेवाव्यात आणि रात्री दहापर्यंत दिवे चालू ठेवावेत, पालिकेच्या शाळांची मैदानं शाळा सुटल्यावर आसपासच्या लोकांना चालायला द्यावीत, सोसायट्यांनी गच्चीला ठराविक वेळ ठरवून द्यावी. आणि तुम्ही पुढच्या आरोग्य पुरवणीत एक पान घरातल्या पुरुषांसाठी आणि कॉलेजातल्या मुलामुलींसाठी काढा, त्यात सकाळचे दोन डबे चाळीस मिनिटांत कसे करायचे, कणीक रात्री मळून कशी ठेवायची, कुकर कसा लावायचा हे साध्या भाषेत छापा, वर व्यायामाचं पान छापताच आहात. आमच्या ग्रुपवर मी ते सगळ्यात आधी पाठवीन.

आपली,
एक वाचक, डोंबिवली पूर्व