संतोष, जानेवारीत मॅटवर उतरू नकोस

प्रिय संतोष,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. गुडघा अजिबात दुखत नाही, जानेवारीच्या कबड्डी स्पर्धेत चढाईला जातोच, असं म्हणालास. तुझ्या आवाजातला आनंद ऐकून बरं वाटलं, आणि लगेच पोटात गोळाही आला. फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, म्हणून लिहितोय.

ऑपरेशनला आता कुठे पाच महिने होताहेत. एसीएल म्हणजे गुडघ्यात मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारं लिगामेंट, चिवट पट्टाच. त्याचं दुखणं थांबतं लवकर, पण नवं लिगामेंट तेवढ्या लवकर तयार होत नाही. तुटलेल्याच्या जागी तुझ्या मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूचा टेंडन, म्हणजे त्याचा दोरीसारखा भाग, काढून हाडांना भोकं पाडून त्यातून ओवलाय. बसवताना त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. सुरुवातीचे काही आठवडे तो उलट कमजोर होत जातो. मग त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, पेशी येतात, धागे नव्याने रचले जातात. हे काम वर्षभर, कधी त्याहूनही जास्त चालतं, आणि बाहेरून त्यातलं काहीच कळत नाही.

माझ्या ऑपरेशननंतरचे दिवस तुला आठवतात ना? मी मांडीकडे बघत "आवळ, आवळ" म्हणायचो आणि पुढचा स्नायू हलायचासुद्धा नाही. गुडघ्याला सूज असली की मज्जासंस्थाच त्या स्नायूला पूर्ण जोर लावू देत नाही, हे फिजिओने समजावलं तेव्हा कुठे जीवात जीव आला. आई मायेने गुडघ्याखाली उशी ठेवायची, फिजिओ ती काढून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायचे, कारण पाय पूर्ण सरळ होणं सगळ्यात आधी हवं. मांडी पुन्हा भरायला किती काळ गेला! तुझीही उजवी मांडी अजून डावीपेक्षा बारीक आहे, दिवाळीत मी पाहिलीय.

ओस्लो आणि डेलावेअरच्या संशोधकांनी २०१६ साली शंभरावर खेळाडूंचा अभ्यास मांडला. त्यात नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितकं लांबवलं, तितका दर महिन्यामागे गुडघ्याच्या नव्या दुखापतीचा धोका साधारण निम्म्याने उतरलेला दिसला. शिवाय दोन्ही पायांच्या ताकदीतला फरक दहा टक्क्यांच्या आत आल्याशिवाय उतरू नये, असं म्हणतात. ऋषभ पंतची दुखापत तुझ्याहून खूप मोठी होती, पण त्याच्यामागे बेंगळुरूची राष्ट्रीय क्रिकेट अकादमी उभी होती आणि तरीही डिसेंबर २०२२ च्या अपघातानंतर तो थेट मार्च २०२४ मध्ये मैदानावर दिसला.

आणि आपला खेळ कबड्डी, संतोष. कोपऱ्यातला गडी घोटा धरतो, पाय मॅटला खिळतो आणि तू मध्यरेषेकडे अंग फिरवतोस. लिगामेंट तुटायला याहून वेगळं काही लागत नाही, तुझं असंच तुटलं. बोनस घेऊन एकट्याने झटकन वळतानाही तुटू शकतं.

सरावाला रोज जा. पोरांच्या पकडी सुधार, जिममध्ये मांडी आणि हॅमस्ट्रिंग भरून काढ, सायकल मार. फक्त चढाई नको. कर्णधाराला वाईट वाटेल, त्याच्याशी मी बोलतो.

शनिवारी गावी येतोय. फिजिओची वेळ घेऊन ठेव, एका पायावरच्या उड्यांची आणि ताकदीची चाचणी करून घेऊ. ऑपरेशनची फाईलही सोबत घे. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
महेश